बालरोगतज्ज्ञांकडून मोठ्यांच्या दवाखान्यात: दीर्घ आजार असलेल्या मुलामुलींसाठी टप्प्याटप्प्याची तयारी

टाइप १ मधुमेह असलेल्या मुलाला सातव्या-आठव्या वर्षी जे डॉक्टर भेटतात, तेच पुढे दहा वर्षे त्याची उंची, त्याचे मार्क आणि त्याची शुगर अशा तिन्ही गोष्टींची चौकशी करत असतात. मग एके दिवशी ते म्हणतात, ‘पुढच्या वेळेपासून मोठ्यांच्या ओपीडीत दाखवा.’ बहुतेक कुटुंबांची तयारी या वाक्यापासून सुरू होते, आणि खरे तर तोपर्यंत चार-पाच वर्षांचा उशीर झालेला असतो.

मी लहान मुलांच्या मधुमेह क्लिनिकमध्ये समुपदेशक म्हणून काम करते. आमच्याकडे वाढलेला एक मुलगा बारावीनंतर इंजिनिअरिंगसाठी दुसऱ्या शहरात गेला. त्याची फाइल व्यवस्थित होती, चिठ्ठी दिलेली होती, नव्या डॉक्टरांचे नावही सांगितले होते. तो मात्र त्या डॉक्टरांकडे गेलाच नाही. वर्षभर जुन्या चिठ्ठीवर इन्सुलिन आणत राहिला, नंतर कुणाच्या तरी सांगण्यावरून त्याने इन्सुलिन सोडून गोळ्या सुरू केल्या आणि तीन दिवसांत कीटोअॅसिडोसिस (इन्सुलिनअभावी रक्तात कीटोन नावाची आम्ले साठण्याची जीवघेणी अवस्था) होऊन अतिदक्षता विभागात दाखल झाला. तो वाचला. नंतर त्याच्या आईने मला विचारले, ‘आम्ही कुठे चुकलो? सगळे कागद तर दिले होते.’ कागद दिले होते हे खरे, पण दहा वर्षे आई करत असलेली कामे त्याला कुणी दिलेली नव्हती. फाइल एका दिवसात हलते. ती कामे हलायला वर्षे लागतात. त्या कामांचे हस्तांतर कसे करावे, यासाठी हा लेख लिहीत आहे. माझे काम मधुमेहातले असल्यामुळे मुख्य उदाहरण टाइप १ मधुमेहाचे आहे. थॅलेसेमिया, सिकल सेल, हृदयविकार किंवा अपस्मार यांत वाट जिथे वेगळी होते, तिथे तसे सांगितले आहे.

पहिली पायरी: घरातील कामांची यादी (वय १२ ते १४)

एक वही घ्यावी आणि एक आठवडाभर, आजारासाठी घरात कोण काय करते ते सगळे तिच्यात लिहावे. इन्सुलिन संपण्याआधी आणणे, वीज गेली तर फ्रीजकडे लक्ष ठेवणे, सुई बदलणे, पोटावर व मांडीवर इंजेक्शनची जागा बदलत राहणे, ग्लुकोमीटरच्या स्ट्रिप मोजणे, ताटातील पोळी-भाताचा अंदाज घेऊन डोस ठरवणे, सहलीला जाण्यापूर्वी शाळेत बाईंना सांगणे, खेळून आल्यावर रात्री तीनला उठून शुगर पाहणे, डोळ्यांच्या तपासणीची तारीख लक्षात ठेवणे, ओपीडीचा नंबर लावणे, डॉक्टरांना गेल्या तीन महिन्यांचा वृत्तांत सांगणे. ही यादी नेहमी अपेक्षेपेक्षा लांब निघते. मुलाला विचारले तर तो सांगतो, ‘मी माझे सगळे स्वतःच करतो,’ कारण त्याच्या लेखी काम म्हणजे इंजेक्शन घेणे आणि बोट टोचणे एवढेच असते. बाकीचे काम आईच्या किंवा आजीच्या हातून इतक्या सहज होत असते की ते काम आहे हेच कुणाच्या ध्यानात येत नाही.

यादी झाली की साधारण महिन्याला एक काम मुलाकडे द्यावे. ज्यातली चूक लगेच दिसते आणि सहज सुधारता येते ती कामे आधी द्यावीत: स्ट्रिप मोजणे, सुया आणायची आठवण ठेवणे, नोंदवही भरणे. डोस ठरवण्याचे काम सर्वांत शेवटी. एखादे काम दिल्यानंतर पंधरा दिवस त्याची आठवण करून द्यायची नाही, फक्त नंतर पाहायचे, हा नियम पालकांना जड जातो हे मला माहीत आहे. पण रोज आठवण करून दिलेले काम मुलाकडे गेलेलेच नसते. याच्या उलट चूकही मी तितक्याच वेळा पाहिली आहे. मुलगी तेरा वर्षांची झाली, शहाणी आहे, म्हणून इन्सुलिनची संपूर्ण जबाबदारी एकदम तिच्यावर टाकली जाते आणि सहा महिन्यांत एचबीएवनसी (गेल्या तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा) आठवरून अकरावर जाते. वयात येताना शरीरातील संप्रेरकांमुळे इन्सुलिन मुळातच कमी परिणाम करते आणि डोस वाढवावा लागतो. त्याच काळात आईने हात काढून घेतला तर दोन्ही ओझी एकदम मुलीच्या अंगावर येतात. हा काळ वाटून घेण्याचा आहे.

याच वयात मुलाला आपला आजार चार वाक्यांत सांगता आला पाहिजे: आजाराचे नाव काय, तो कधीपासून आहे, मी रोज कोणती औषधे घेतो, आणि माझी तब्येत अचानक बिघडली तर काय करायचे. हे सोपे वाटते, पण हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या कित्येक मुलांना ‘लहानपणी हृदयाला भोक होते, ते बुजवले’ यापलीकडे काहीही सांगता येत नाही. टेट्रालॉजी ऑफ फॅलोट या जन्मजात हृदयदोषाची शस्त्रक्रिया झालेल्या मुलात फुप्फुसाच्या झडपेची गळती वर्षानुवर्षे हळूहळू वाढू शकते आणि हृदयाचा उजवा कप्पा काहीही त्रास न जाणवता मोठा होत जातो. म्हणून त्याला आयुष्यभर ठरावीक काळाने इको करावा लागतो. ‘बुजवले’ या शब्दाने घरात समज होतो की काम संपले. ऱ्हुमॅटिक हृदयविकाराचेही (घशाच्या संसर्गानंतरच्या तापाने झडपा खराब होतात तो) तसेच आहे. दर २१ दिवसांचे पेनिसिलिनचे इंजेक्शन झडपेला इजा झालेल्यांना वयाच्या चाळिशीपर्यंत, कधी आयुष्यभरही घ्यावे लागू शकते. अठरावा वाढदिवस किंवा बालविभागातून सुटणे हे ते थांबवण्याचे कारण होऊ शकत नाही; तो निर्णय हृदयरोगतज्ज्ञांचाच असतो.

दुसरी पायरी: डॉक्टरांशी एकट्याने बोलणे (वय १४ पासून)

मोठ्यांच्या ओपीडीत डॉक्टर रुग्णाकडे पाहून प्रश्न विचारतात. आमच्याकडून गेलेली मुले तिथे मान वळवून आईकडे पाहतात, आणि आई बाहेर थांबलेली असते. ही सवय लावायला वेळ लागतो, म्हणून चौदाव्या वर्षापासून प्रत्येक भेटीतील पहिली पाच-दहा मिनिटे मुलाने एकट्याने डॉक्टरांशी बोलावे आणि मग पालकांना आत बोलवावे, अशी विनंती आपण होऊन करावी. जाण्यापूर्वी मुलाने घरीच आपल्या हाताने तीन प्रश्न लिहून न्यावेत. पहिल्या भेटीत तो एकच प्रश्न विचारेल, तेही चालेल.

काही आयांना बाहेर थांबायला सांगितले की वाईट वाटते. मी त्यांना एवढेच सांगते की तुमच्यासमोर मुलगी जे बोलू शकत नाही, नेमके तेच आम्हाला ऐकायचे असते: वजन कमी व्हावे म्हणून ती इन्सुलिन चुकवते का, पाळीच्या आधी शुगर का चढते, कॉलेजात कुणाबरोबर बिअर घेतली का, डबा खाताना मैत्रिणींसमोर इंजेक्शनची लाज वाटते का. मुलाच्या जिवाला किंवा दुसऱ्या कुणाला धोका नसेल, तर हे बोलणे डॉक्टर आणि त्याच्यातच राहते, हे त्याला आधीच स्पष्ट सांगावे. उदासपणा, झोप उडणे, ‘आता कंटाळा आला या सगळ्याचा’ असे वारंवार म्हणणे, हे आजाराचेच भाग समजून विचारावे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मुलाच्या फोनमध्ये घालून ठेवावा; तिथे मराठीतही बोलता येते.

तिसरी पायरी: फाइल आणि एका पानाचा सारांश (वय १६)

आपल्याकडे फाइल म्हणजे दहा वर्षांचे केसपेपर, लॅबचे रिपोर्ट आणि औषधांच्या दुकानाच्या पावत्या एका पिशवीत भरलेल्या असतात. मोठ्यांच्या ओपीडीत डॉक्टरांना त्यासाठी पाच मिनिटेही मिळत नाहीत. म्हणून बालरोगतज्ज्ञांकडून एका पानाचा सारांश मागून घ्यावा. त्यांना वेळ नसेल तर मुलाने स्वतः कच्चा मसुदा लिहावा आणि त्यांच्याकडून दुरुस्त करून सही-शिक्क्यासह घ्यावा. हा दुसरा मार्ग मला अधिक आवडतो, कारण लिहिता लिहिता मुलाला स्वतःचा इतिहास कळतो.

टाइप १ मधुमेहात या पानाची पहिली ओळ मोठ्या अक्षरांत अशी असावी: ‘टाइप १ मधुमेह. इन्सुलिन कोणत्याही कारणाने पूर्ण बंद करू नये.’ त्यामागचे कारण समजून घ्या. मोठ्यांच्या ओपीडीत येणारे बहुतेक मधुमेही टाइप २ चे असतात, त्यांच्यातील अनेकांची शुगर गोळ्यांवर राहते, आणि घाईत असलेल्या नव्या डॉक्टरांना, औषध दुकानदाराला किंवा नातेवाइकांना हा फरक लक्षात येईलच असे नाही. टाइप १ मध्ये शरीर स्वतःचे इन्सुलिन जवळजवळ तयारच करत नाही; त्यामुळे इन्सुलिन थांबले की एक-दोन दिवसांतच जिवावर बेतू शकते. त्याखाली निदानाचे वर्ष, सध्याच्या इन्सुलिनची नावे व डोस, गेल्या दोन वर्षांतील एचबीएवनसी, कीटोअॅसिडोसिस किंवा बेशुद्ध करणारी लो शुगर कधी झाली, थायरॉइड व सीलिअॅक (गव्हातील ग्लूटेन न सोसणारा आतड्यांचा आजार) यांच्या तपासण्या, आणि डोळ्यांचा पडदा व लघवीतील अल्ब्युमिन यांच्या तपासणीच्या तारखा लिहाव्यात. या शेवटच्या दोन तपासण्या अकराव्या वर्षानंतर, आजाराला २ ते ५ वर्षे झाली की डॉक्टर सांगतील त्या अंतराने नियमित व्हायला हव्यात, आणि हस्तांतराच्या गडबडीत नेमक्या याच राहून जातात.

इतर आजारांत सारांशाचा गाभा वेगळा असतो. थॅलेसेमियात रक्तगटाची सविस्तर माहिती, रक्ताविरुद्ध तयार झालेली प्रतिद्रव्ये, किती आठवड्यांनी रक्त चढते, फेरिटिनचे (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे) आकडे, लोह काढणारे औषध कोणते व किती, आणि हृदयातील लोह मोजणाऱ्या एमआरआयचा अहवाल हवा. प्लीहा काढली असल्यास ते आणि त्यासाठी दिलेल्या लसी ठळकपणे लिहाव्यात. अपस्मारात आजवर कोणती औषधे देऊन पाहिली आणि ती का बंद केली, याची नोंद ईईजीइतकीच (मेंदूच्या विद्युत लहरींच्या तपासणीइतकीच) मोलाची असते. जन्मजात हृदयविकारात डिस्चार्ज कार्ड पुरेसे नसते. प्रत्यक्ष शस्त्रक्रियेत काय केले याची नोंद मागून घ्यावी.

या नोंदी मागण्याचा रुग्णाला हक्क आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात, मात्र दाखल रुग्णांच्या नोंदी किमान ३ वर्षेच जपून ठेवण्याचे बंधन आहे. मुलाची शस्त्रक्रिया चौथ्या वर्षी झाली असेल आणि तुम्ही सतराव्या वर्षी कागद मागायला गेलात, तर ते मिळतीलच याची खात्री नाही. म्हणून हे काम आजच करावे. सर्व कागदांचे फोटो काढून मुलाच्या आणि पालकांच्या अशा दोन्ही फोनमध्ये ठेवावेत, आणि १४ अंकी आभा क्रमांक (सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचा) काढला असेल तर तो सारांशावर लिहावा.

चौथी पायरी: नवे डॉक्टर शोधणे आणि दोन्हीकडे काही काळ जाणे (वय १६ ते १८)

बालविभागाची वयोमर्यादा रुग्णालयागणिक बदलते. पुष्कळ सरकारी रुग्णालयांत ती १२ वर्षांची असते आणि त्यानंतर मूल थेट मेडिसिन विभागात जाते. खासगी बालरोगतज्ज्ञ बहुधा १८ पर्यंत, काही त्यापुढेही पाहतात. आपल्या रुग्णालयाची मर्यादा किती, हे निदानानंतरच्या पहिल्या वर्षातच विचारून घ्यावे. ती १२ असेल तर वर सांगितलेल्या पायऱ्या पुढे ढकलता येत नाहीत, आणि बाराव्या वर्षी वॉर्ड बदलला तरी पालकांनी पुढची पाच-सहा वर्षे प्रत्येक भेटीला बरोबर जायचेच असते. याच संदर्भात आणखी एक तारीख पाहावी. २०१३ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. हृदयाची किंवा अन्य एखादी शस्त्रक्रिया त्यातून व्हायची बाकी असेल, तर सतरावे लागण्यापूर्वीच त्याचा पाठपुरावा करावा.

नवे डॉक्टर निवडताना पदवीच्या पाटीपेक्षा चार प्रश्नांची उत्तरे अधिक उपयोगी पडतात. तुमच्याकडे या आजाराचे वीस-पंचवीस वर्षांचे किती रुग्ण येतात? दोन भेटींच्या मध्ये अडचण आली तर फोन कुणाला करायचा? रात्री दाखल व्हावे लागले तर कुठे? आहारतज्ज्ञ किंवा समुपदेशक आहेत का? टाइप १ साठी एंडोक्रायनॉलॉजिस्ट (संप्रेरकांच्या आजारांचे तज्ज्ञ) किंवा टाइप १ चे रुग्ण नियमित पाहणारे फिजिशियन चालतात. थॅलेसेमिया व सिकल सेलसाठी रक्तविकारतज्ज्ञ हवेत. जन्मजात हृदयविकारात मात्र अडचण खरी आहे: मोठ्यांचे हृदयरोगतज्ज्ञ मुख्यतः ब्लॉकेजचे रुग्ण पाहतात, त्यामुळे बालहृदयरोगतज्ज्ञच पुढेही पाहायला तयार असतील तर त्यांना सोडण्याची घाई करू नये.

अंतराचा प्रश्नही सर्वांना सारखा नसतो. परळमध्ये वाडिया बाल रुग्णालय आणि केईएम शेजारी शेजारी आहेत. गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या मुलासाठी नवे तज्ज्ञ म्हणजे एक दिवसाचा प्रवास आणि एका दिवसाची बुडालेली मजुरी. अशा वेळी मी तिहेरी व्यवस्था सुचवते. वर्षातून एक-दोनदा तज्ज्ञांकडे सविस्तर भेट, मधल्या काळात तालुक्याच्या ठिकाणचे एकच ठरलेले फिजिशियन, आणि गरजेप्रमाणे फोनवर किंवा व्हिडिओवर सल्ला. २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनी असा सल्ला देण्याची रीत ठरवून दिली आहे. सिकल सेलच्या रुग्णांनी जिल्हा रुग्णालयात आपली नोंद आहे ना, हे पाहावे. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकल सेल निर्मूलन मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या व्यक्तींची तपासणी येते, म्हणजे बालविभाग सुटला तरी कार्यक्रमातून नाव जात नाही.

केव्हा बदलावे? बोर्डाची परीक्षा, सीईटी किंवा नीट, घरातील आजारपण किंवा मृत्यू, आणि आजार अस्थिर असण्याचा काळ, यांपैकी कशातही डॉक्टर बदलू नयेत. अकरावीची दिवाळीची सुट्टी हा माझ्या अनुभवात सर्वांत शांत काळ आहे. त्या सुट्टीत नव्या डॉक्टरांची पहिली भेट घ्यावी. ती केवळ ओळखीची, औषध न बदलता. मोठ्यांच्या मधुमेह ओपीडीत बोटे गेलेले, डोळ्यांवर पट्टी बांधलेले, डायलिसिसवर असलेले रुग्ण रांगेत बसलेले असतात, आणि सतरा वर्षांचे मूल त्यांच्याकडे पाहून गप्प होते. घरी परतताना त्याच्याशी यावर बोलावे. त्या आजोबांना त्यांच्या तरुणपणी ज्या तपासण्या आणि जी औषधे मिळाली नाहीत, ती त्याला मिळत आहेत, हे त्याला सांगणे खरेही आहे आणि गरजेचेही. त्यानंतर वर्षभर आलटून पालटून दोन्हीकडे जावे. शक्य असल्यास एकदा दोन्ही डॉक्टरांचे फोनवर बोलणे घडवून आणावे. नव्या डॉक्टरांकडे दोन भेटी पूर्ण होईपर्यंत जुन्या डॉक्टरांकडील नाव काढू नये.

पाचवी पायरी: अठरावे वर्ष, सही आणि दाखले

अठरा पूर्ण झाल्या दिवसापासून उपचारांच्या संमतिपत्रावर मुलाची स्वतःची सही लागते आणि त्याच्या परवानगीवाचून डॉक्टरांनी रिपोर्ट पालकांना सांगायचे नसतात. त्यामुळे तातडीच्या वेळी कुणाला कळवायचे, हे मुलाने लेखी द्यावे. ज्यांना बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांगता आहे आणि जे स्वतः निर्णय घेऊ शकत नाहीत, त्यांच्या बाबतीत आई-वडील अठरानंतर आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ खाली जिल्ह्यातील स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करावा लागतो. हे बँकेत किंवा शस्त्रक्रियेच्या टेबलापाशी अडल्यावर कळू नये.

विम्याबाबत कुटुंबाच्या पॉलिसीत मुलाचे नाव कोणत्या वयापर्यंत राहते, ते पॉलिसीच्या कागदात वाचावे. अनेक पॉलिसींत ते २५ आहे, पण सर्वांत नाही. नाव निघण्यापूर्वीच त्याच कंपनीत स्वतंत्र पॉलिसीसाठी अर्ज करावा, म्हणजे आधी काढलेला प्रतीक्षाकाळ (आधीच्या आजारासाठी दावा करण्यापूर्वी थांबावा लागणारा काळ) मोजला जातो. २०२४ पासून आधीच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त ३ वर्षांचा आहे. अर्जात आजार लपवू नये. लपवलेला आजार दावा फेटाळण्याचे कारण ठरतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी सहसा मुलाचे नाव शिधापत्रिकेवर लागते, म्हणून शिक्षणासाठी बाहेरगावी गेला तरी ते घाईने कमी करू नये. ही योजना प्रामुख्याने दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. महिन्याच्या इन्सुलिनचा आणि स्ट्रिपचा खर्च तिच्यातून निघेल असे गृहीत धरू नये.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मधील २१ प्रकारांत थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकल सेल येतात. टाइप १ मधुमेह येत नाही. ज्यांना लागू आहे त्यांनी यूडीआयडी कार्डाची (दिव्यांगांच्या ओळखपत्राची) मुदत पाहावी, कारण लहानपणी दिलेले प्रमाणपत्र बऱ्याचदा तात्पुरते असते. किमान ४० टक्के दिव्यांगत्व असल्यास सरकारी उच्च शिक्षणसंस्थांतील ५ टक्के राखीव जागांचा लाभ घेता येतो. मात्र नोकरीतील आरक्षणाच्या यादीत रक्ताचे हे विकार नाहीत, हे प्रवेशाआधीच ठाऊक असावे.

सहावी पायरी: घराबाहेरचे पहिले वर्ष

होस्टेलवर गेल्यावर पहिल्या आठवड्यात तीन गोष्टी व्हाव्यात. खोलीतल्या एका मित्राला आणि वॉर्डनला आजार सांगणे; शुगर ७० च्या खाली गेली तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज द्यायचे, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचे, आणि बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता १०८ ला फोन करायचा, हे त्या मित्राला शिकवणे; आणि जवळचे औषधांचे दुकान व दवाखाना पाहून ठेवणे. फ्रीज नसेल तर सध्या वापरात नसलेले इन्सुलिन घट्ट झाकणाच्या डबीत घालून पाण्याच्या माठात, पाणी आत जाणार नाही असे ठेवता येते. मेसचे जेवण आवडले नाही म्हणून इन्सुलिन घेऊन न जेवता झोपणे, आणि उलट्या होत आहेत म्हणून इन्सुलिन पूर्ण थांबवणे, या दोन चुका पहिल्या वर्षी सर्वाधिक होतात. उलट्या-तापात जेवण नसले तरी दिवसभर पुरणारे इन्सुलिन चालूच ठेवायचे, शुगर व कीटोन पाहायचे आणि डॉक्टरांना फोन करायचा.

दारूविषयी उपदेश न करता वस्तुस्थिती सांगावी. दारू पचवण्यात गुंतलेले यकृत रक्तात साखर सोडू शकत नाही, त्यामुळे रात्री उशिरा किंवा दुसऱ्या दिवशी सकाळीही शुगर धोकादायकरीत्या उतरू शकते, आणि बरोबरच्यांना वाटते की तो नशेत आहे. परीक्षेच्या बाबतीत, केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ मध्ये टाइप १ च्या विद्यार्थ्यांना खाण्याचे पदार्थ बरोबर नेण्याची मुभा दिली. अन्य परीक्षांसाठी प्रवेशपत्र आल्याबरोबर डॉक्टरांच्या पत्रासह अर्ज करावा.

मुलींच्या बाबतीत एक विषय अठराव्या वर्षाच्या आतच काढावा. अपस्मारासाठी सोडियम व्हॅल्प्रोएट चालू असेल तर गर्भावर त्याचे गंभीर परिणाम होऊ शकतात; औषध बदलायचे असेल तर ते गर्भधारणेच्या खूप आधी, आणि फक्त डॉक्टरांच्या सल्ल्याने. स्वतःहून गोळी बंद केल्यास फिटचा धोका असतो. मधुमेहात दिवस जाण्यापूर्वी शुगर आटोक्यात असणे बाळासाठी मोलाचे असते, आणि जन्मजात हृदयविकार असलेल्या मुलीने आधी हृदयरोगतज्ज्ञांचे मत घेतलेच पाहिजे.

लग्न ठरवताना आजार लपवावा, असे सांगणारे नातेवाईक प्रत्येक घरात असतात. मला याबद्दल ठाम बोलायचे आहे: लपवू नका. सासरी न्हाणीघरात लपून इंजेक्शन घेणाऱ्या आणि म्हणूनच डोस चुकवणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. अपस्मार असणे हे विवाह रद्द करण्याचे कारण राहिलेले नाही. ती तरतूद १९९९ मध्ये कायद्यातून काढली गेली. थॅलेसेमिया किंवा सिकल सेल असलेल्यांनी जोडीदाराची हिमोग्लोबिनची विशेष तपासणी लग्नाआधी करून घ्यावी.

मध्ये खंड पडला असेल तर

नव्या डॉक्टरांकडील पहिल्या वर्षातील किमान दोन तारखा पालकांनी आपल्याही कॅलेंडरात लिहाव्यात, आणि भेटीनंतर फक्त ‘गेला होतास का?’ एवढेच विचारावे. तारीख चुकली असे कळले तर आठवडाभरात नवी तारीख घेण्यास सांगावे. खंड वर्षाचा असो की चार वर्षांचा, परत जाणाऱ्या तरुणाला ओरडा बसेल ही भीतीच सर्वांत जास्त अडवते. म्हणून पहिल्या भेटीला कुणीतरी बरोबर जावे, आणि तिथे बोलायला सुरुवात कशी करायची तेही ठरवून न्यावे: ‘मी मधली दोन वर्षे तपासणी केलेली नाही, सध्या हे औषध घेतो आहे, आणि मला पुन्हा नीट सुरू करायचे आहे.’ जुन्या बालरोगतज्ज्ञांनाही फोन करता येतो. बहुतेकांना आपली मुले आठवतात आणि ते सारांश पुन्हा पाठवतात. फाइल हरवली असेल तर तिच्या शोधात महिना घालवू नये. आधी डॉक्टरांकडे जावे, कागद मागाहून जमवता येतात.